खडपातली पाटली

साल दोन हजार चोवीस. तेव्हा माझं वय बहात्तर. चष्मा फक्त वाचायला, कान धड, बीपी नाही, शुगर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला भास झाला.

तुमच्या ह्या पानावर लोक काय काय लिहितात ते मी वाचत असतो. वडाखाली बाई दिसली, गाडी आपोआप बंद पडली, कुत्रं रडलं... मी हसतो. एकतीस वर्षं मी आगरदांडा ते दिघी लाँच चालवली, तांडेल म्हणून. अमावास्या म्हटली नाही की वादळ म्हटलं नाही. खाडीत बुडालेली माणसं ह्या हातांनी वर काढली आणि घरी येऊन पोटभर जेवलो. भूत असतं तर मला पहिलं भेटलं असतं. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी हे मीच लिहितोय, कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. शुद्धलेखन सुधारा, मजकुराला हात लावू नका.

एक गोष्ट समजावून सांगतो, पुढे लागेल. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळात बघत नाहीत, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा — सहा वाजता पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. भरती-ओहोटीत सव्वासहा तासांचं अंतर. माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. मोबाईलवाले पोरगे माझ्याशी पैज लावतात आणि चहा पाजून जातात.

आता मशीनचं. लाँच सोडल्यावर घरात बसवेना. जावयाने मुंबईहून metal detector आणून दिला. काठीला ताट लावल्यासारखं दिसतं, खाली लोखंड, पितळ, सोनं काही असलं की कुई करतं. ओहोटीला मी ते घेऊन मुरुडच्या वाळूत फिरतो. खिळे, नाणी, गाड्यांच्या चाव्या... आणि टुरिस्ट लोकांच्या अंगठ्या. तीन अंगठ्या सापडल्या, तिन्ही ज्याच्या त्याला दिल्या. एकाने खिशात नोट घालायला बघितली, त्याला म्हटलं, "बाबा, ही मशीन हाय, भिकेचा कटोरा नाय." पंचक्रोशीत माझ्या शब्दाला मान आहे. दामू तांडेल बोलला म्हणजे झालं, असं लोक म्हणतात. म्हणत होते.

त्या साली धनत्रयोदशीला पुण्याच्या एका बाईचं कानातलं आमच्या वाडीच्या खालच्या खडपात पडलं. खडप म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ पट्टा, ओहोटीला उघडा पडतो, बायका तिथे कालवं फोडायला जातात. बाई तिथे फोटो काढायला गेली होती. मी खडपात कधी मशीन घेऊन जात नाही, पाय घसरतो. पण रडत होती म्हणून गेलो. चारच्या सुमाराला पाणी चांगलं मागे हटलेलं. कानातलं काही मिळालं नाही. पार टोकाला, जिथे एरवी पाणी असतंच, तिथल्या एका फटीवर मशीन ओरडायला लागली. थांबेना.

फट हातभर खोल. आत बोटं घातली तर काहीतरी गोल, कडक, चुन्याने माखलेलं. हलेना. घरी जाऊन छिन्नी-हातोडा आणला. पाणी चढायला लागलं होतं, गुडघ्यावर बसून ठोकत राहिलो. शेवटी निघाली.

सोन्याची पाटली. एक. एका बाजूने चेपून लांबट झालेली, वरून शिंपल्यांचा थर. पण सोनं ते सोनं, छिन्नी लागली तिथे पिवळं धमक.

खरं सांगतो. पहिला विचार परत द्यायचा आला नाही. पहिला विचार आला शेवंतीचा, माझ्या बायकोचा. तिच्या माहेरच्या पाटल्या मी बोटीच्या इंजिनासाठी मोडल्या, लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती. "करून देतो" म्हणालो होतो. इंजिन गेलं, बोट गेली, पाटल्या राहिल्याच. ती बोलत नाही. फक्त दर पाडव्याला मला ओवाळते आणि मी तबकात साडी ठेवली की म्हणते, "बरी हाय. हातात घालायला नाय आली तरी अंगावर घालायला येते."

मी ठरवलं, ह्या पाडव्याला बघ म्हणावं. रिठ्याने घासली, फडक्याने कोरडी केली, उन्हात ठेवली आणि तांदळाच्या डब्यात खाली सारून दिली. कोणाची म्हणून विचार केला नाही. समुद्राने दिली, एवढंच डोक्यात.

त्या साली त्रयोदशी आणि चतुर्दशीमध्ये एक दिवस मोकळा गेला. त्या दिवशी डबा उघडला नाही, मोठ्या डब्यातला तांदूळ चालू होता. चतुर्दशीला सकाळी अंघोळी झाल्या, फराळ झाला, साडेदहाच्या पुढे शेवंतीने भातासाठी डबा उघडला आणि ओरडली.

"अवो! पानी कोनी ओतलं ह्याच्यात?"

तांदूळ भिजून फुगलेला. डबा वरून कोरडा, झाकण घट्ट. मी म्हटलं, "तूच ओला हात घातला असशील."

"ओला हात? ह्याच्यात गडवाभर पानी हाय! माझा हात काय नळ हाय का?"

आणि तिने हात आत घातला, तांदूळ उपसायला, आणि पाटली वर आली.

मी म्हटलं, "पाडव्याला देनार व्हतो. तुझी हाय."

तिने पाटली खिडकीशी नेली. अंगठ्याने नक्षीवरून फिरवत राहिली. गव्हाचे दाणे एकाला एक चिकटवल्यासारखी नक्षी, मध्ये बारीक तार.

"ही गोदूबायच्या पाटलीची जोड हाय," ती म्हणाली. "तुमाला दिसलं नाय?"

मला दिसलं होतं की नाही, हे मी आजपर्यंत स्वतःला धड सांगू शकलेलो नाही.

गोदूबाय आमच्याच वाडीतली. आज ब्याऐंशीच्या पुढे. नवरा लवकर गेला, एकच पोर, मंजुळा. तिला तळा गावात दिली तेव्हा गोदूबायने आपल्या पाटल्यांची जोडी फोडली — एक पोरीच्या हातात घातली, एक आपल्या हातात ठेवली. अशी जोड कोणी फोडत नाही. लोक हसले. ती म्हणाली, "माझी पोर नि मी, आमची जोड हाय." ती एक पाटली तिच्या हातात अजून आहे.

अडतीस वर्षांमागे मंजुळा शिमग्याला माहेरी आली. परत जायचं नाव काढेना. सासरची माणसं दुसऱ्या दिवशी न्यायला येणार म्हणून निरोप आला होता. सकाळी उजाडता ती कोयती-टोपली घेऊन कालवं फोडायला गेली... आणि आलीच नाही. टोपली खडपावर मिळाली, कोयती मिळाली. वाडीतल्या लोकांनी शोधायला बोटी काढल्या. तेव्हा मी दिघीवरून परत आलो आणि धक्क्यावर उतरून सांगितलं, "बोटी कशाला काढताय? मंजुळा नऊच्या लाँचने दिघीला गेली. मीच तिला हात देऊन चढवली."

बोटी परत आल्या. दामू तांडेल बोलला म्हणजे झालं.

मी खोटं बोललो नव्हतो. हे मला तुम्हाला ओरडून सांगायचंय. मी तिला बघितली. मोतिया रंगाचं लुगडं, काष्टा ओला. धक्क्यावरून लाँचमध्ये पाय टाकताना मी तिचं मनगट धरलं. गार होतं, ओलं होतं. कालवं फोडून आलीय, ओलं असणारच. हातात पाटली नव्हती. तेही मी सांगितलं. मग लोकच म्हणायला लागले, सोनं काढून लपवलं, कोणाचा तरी हात धरून पळाली. श्रीवर्धनकडचा कोण ड्रायव्हर होता म्हणे. नवऱ्याने दुसरी केली. वाडीत पोरींना धाक द्यायचा झाला की आया म्हणायच्या, "मंजुळा व्हायचंय काय?"

गोदूबायला मात्र त्यातलं एकच ऐकू आलं. दामूने बघितली. म्हणजे आहे. कुठेतरी आहे. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने मला घरी बोलावलं, पाटावर बसवलं. म्हणाली, "तिचा हात तू शेवटचा धरलास. तू तिचा भाऊ. ती येईस्तवर तिच्या वतीने मी ओवाळीन." तेव्हापासून दर भाऊबीजेला मी जातो. ती विचारते, लुगडं कुठलं व्हतं? मी सांगतो, मोतिया. ती विचारते, हसली का? मी सांगतो, हसली. हसली नव्हती. पहिल्या वर्षी ती इतकं बघत होती माझ्याकडे, म्हणून बोलून गेलो. मग दरवर्षी हसायलाच लागली.

हे सगळं शेवंतीला ठाऊक आहे. तिने मला एवढंच विचारलं, "कुठे मिळाली?"

"खडपात. फटीत."

"वाळूत पडलेली?"

"नाय. अडकलेली."

पाटली जिथे चेपलेली आहे ती बाजू तिने बघितली. मग माझ्या हातात दिली आणि भिजलेला तांदूळ सुपात पसरायला बसली. मी ओट्यावर येऊन हिशेब लावला. शिमग्याची द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती म्हणजे सकाळी सव्वासातला पाणी पार उतरलेलं. ती फट उघडी राहते घटकाभर, फार तर. साडेआठ होता होता तिच्यावर कमरेएवढं पाणी. फटीत हात अडकून बसलेल्या बाईला बुडायला कमरेएवढंही लागत नाही. कालव मिळालं म्हणून किंवा कुर्ली-खेकडा दिसला म्हणून हात घातला असेल, पाटली आत सरकली, बाहेर येईना. पाटली मनगटातून निघेना, आईने घट्ट घातलेली. मागून हात सुटला असेल, पाणी ओढून घेऊन गेलं असेल. पाटली तेवढी राहिली.

साडेआठ. आणि मी तिला चढवली नऊच्या लाँचला.

मी दोनदा, तीनदा, दहादा मांडलं. पाऊणपट चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मी म्हटलं, तांदूळ भिजला त्याचं काहीतरी कारण असेल. पाटलीला पोकळ जागा असेल, तिच्यात पाणी राहिलं असेल. मी कॉफीची काचेची बरणी घेतली, स्वच्छ पुसली, चुलीशी गरम केली. आत कोरडा कापूस, त्यावर पाटली, झाकण आवळून वर मेणबत्तीचं मेण. आणि समोर खुर्ची टाकून बसलो. अमावास्या, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

दहा वाजता काही नाही. शेवंती आत-बाहेर करत होती, मध्येच म्हणाली, "पूजेची फुलं आनायची हायेत, मालक बरणीला बसलेत." साडेदहाला कापूस खाली काळवंडल्यासारखा झाला. मी जवळ गेलो. ओला. मग पाणी दिसायला लागलं — काचेच्या तळाला, बोटभर, मग दोन बोटं. कुठून येत होतं ते दिसत नव्हतं. मेण जसंच्या तसं. पाटली पाण्यात गेली. सव्वाअकराला पाणी गळ्यापर्यंत आलं, तिथे थांबलं. मी घड्याळ बघितलं, शेवंतीने बघितलं. घरात पंखा चालू, बाहेर पोरं लवंगी लावताहेत, भर दुपार व्हायला आली... आणि ती बरणी आमच्यासमोर भरलेली.

मग ते उतरायला लागलं. मी जागचा हललो नाही. दुपारी जेवलो नाही. पाच वाजता बरणी रिकामी. मी मेण तोडून झाकण उघडलं. काचेवर पांढरी रेघ होती. जिभेला लावली. मीठ.

शेवंतीने पूजा केली, मला हाक मारली नाही.

मला भीती वाटली का? नाही. राग आला. कोण कोणाला शिकवतंय? मी पाडव्याला सकाळी ठरवलं, ही वस्तू नको. ना शेवंतीला, ना गोदूबायला. म्हातारीला मी काय सांगू — बाई, तू हौसेने घातलेल्या पाटलीने तुझी पोर धरून ठेवली? आणि मी बोटी परत पाठवल्या? त्या दिवशी बोटी शोधत राहिल्या असत्या तर निदान देह मिळाला असता. नको. खाडीच्या मध्यावर टाकून द्यायची, जिथे तळ लागत नाही. विषय संपला.

बरणी पिशवीत घातली आणि आगरदांड्याहून दिघीच्या फेरीबोटीने निघालो. तिकीट फाडणारा पोरगा म्हणाला, "काय तांडेल, पाडव्याला सासुरवाडी?" मी म्हटलं, "तुझ्या बापाची." तो हसला.

प्रतिपदा, म्हणजे हिशेब पुन्हा एकापासून. एकाची पाऊणपट — पाऊण वाजता पूर्ण भरती. साडेबाराला सुटलो तेव्हा बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती, मी धक्क्यावर बघितलं होतं. मध्यावर आलो. कठड्याला टेकलो, पिशवी उघडली, बरणी काढली.

कोरडी. कापूस पिंजून ठेवल्यासारखा कोरडा. पाणी सांडलं असतं तर पिशवी ओली असती. पिशवी कोरडी.

माझ्या हाताला घाम सुटला, म्हणून मी ती टाकली नाही. असंच म्हणतो मी. दिघीला उतरलो, धक्क्यावर बाकड्यावर बसलो. पाऊण वाजला, एक वाजला. खाडी काठोकाठ भरलेली, आणि बरणीत थेंब नाही. परतीच्या फेरीत बसलो. आगरदांड्याच्या धक्क्याला फेरी लागली, मी पाय खाली टाकला, आणि पिशवी जड झाली. हाताला कळलं आधी. मग बघितलं. अर्ध्याच्या वर पाणी.

तिथे त्या धक्क्यावर मला कळलं. ती पलीकडे गेलीच नव्हती. ती पाटली मला बाकी काही सांगत नव्हती, एवढंच सांगत होती. ह्याच काठावर... मी तिला पलीकडे नेलीच नव्हती.

मग मी हात कोणाचा धरला?

संध्याकाळी शेवंतीने ओवाळलं. तबकात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. साडी आणायची राहिली होती. तिने तबक तसंच धरलं.

"उद्या भाऊबीज हाय," ती म्हणाली. "जानार ना गोदूबायकडे?"

"जाईन."

"पाटली घेऊन?"

"म्हातारी मरंल गो ऐकून."

"वाट बघून काय जगते हाय? दर दिवाळीला दोन करंज्या बाजूला काढते. मंजुळा आली तर म्हणून. पंधरा दिवसांनी मुंग्या लागल्या की मला देते, कोंबड्यांना घाल म्हणून."

"मी बघितली व्हती तिला."

"बघितली असाल."

"असाल काय? बघितली! ह्या डोळ्यांनी!"

"ओरडू नका. शेजारी ऐकतील." तिने तबक खाली ठेवलं. "तुमी बघितली. पन तुमी एकट्याने बघितली. त्या पोरीला सगळ्या वाडीने शेण घातलं, तेबी तुमच्या एकट्याच्या सबदावर. तुमाला म्हातारीची काळजी नाय. दामू तांडेल चुकला, असं लोक बोलतील, त्याची हाय."

मी बायकोवर कधी हात उचललेला नाही, पण त्या वेळी हात शिवशिवला. मग उठून ओट्यावर गेलो. बऱ्याच वेळाने ती मागे आली.

"फटीचं सांगू नका तिला," म्हणाली. "वाळूत मिळाली म्हना. तेवढं खोटं चालतंय."

आता खुलासा विचाराल तर माझ्याकडे नाही. वाडीतल्या एका रिटायर गुरुजींना मी नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, समुद्राची हवा दमट असते, सोनं गार असतं, घाम धरतं. मी म्हटलं, गुरुजी, घाम तिथीने येतो का? पाऊण तास रोज पुढे सरकून? ते म्हणाले, मनाचे खेळ. मी म्हटलं, माझं मन, ठीक, शेवंतीचं मन? तांदळाचं मन? ते चहा पिऊन गेले. आणि त्या सकाळी नऊच्या लाँचमध्ये कोण चढलं, हे तर मी त्यांना विचारलंही नाही. तिच्याशी माझं मनगटापुरतंच नातं. पण ते मनगट मला आजही आठवतं, हाडाच्या जागेसकट. ती मंजुळाच होती. दिघीला उतरताना तिला बघितली का, असं मला आजवर कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला नाही. नव्हती बघितली. चढलेली आठवते, उतरलेली आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर लिहा. फक्त भास म्हणू नका.

त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला सकाळी, मी धुतलेला सदरा घातला, पाटली रुमालात बांधली आणि आठ वाजता गोदूबायच्या दारात गेलो. तिने पाट मांडून ठेवला होता. रांगोळी हलत्या हाताने काढलेली, तुटक. निरांजन लावलं, समोर बसली.

"दाम्या, लुगडं कुठलं व्हतं रे तिचं?"

मी रुमाल सोडला आणि पाटली तबकात ठेवली.

तिने ती उचलली नाही. आपला हात पुढे केला, स्वतःच्या पाटलीसकट, आणि तबकातल्या पाटलीच्या शेजारी ठेवला. निरांजनाची ज्योत दोन्हींवर पडली.

"कुठे?"

"खडपाखाली. वाळूत."

"पन ती तर तुझ्या लाँचने गेली."

एकतीस वर्षं तांडेल होतो मी. एकदा शब्द दिला की मागे घेतला नाही, मालकापुढे नाही, पोलिसापुढे नाही. मी म्हटलं, "चुकलो मी, गोदूबाय. दुसरी कोनीतरी व्हती. मी मंजुळाला बघितलंच नाय."

"मोतिया लुगडं...?"

"दुसरीचं."

"हसली ती...?"

"ती मंजुळा नव्हती."

ती रडेल असं मला वाटलं होतं. शिव्या देईल असंही. तिने निरांजन फुंकलं नाही, हाताने वारा घालून विझवलं. भिंतीला धरून उभी राहिली.

"म्हंजे माझी पोर पळून गेली नव्हती," म्हणाली.

"नाय."

"बोलशील? वाडीत? सगळ्यांसमोर?"

"घरोघर जाऊन बोलेन."

"आधी पानी काढ. माझ्याच्याने आता रहाट ओढवत नाय."

मला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. लांबच्या मरणाची खबर उशिरा कळली की आमच्यात कळल्या जागी नेसत्या वस्त्रानिशी अंघोळ करतात, कितीही वर्षं झालेली असोत. ती मागच्या दारी विहिरीशी गेली आणि दगडावर बसली, सणाचं लुगडं नेसून, हातात दोन्ही पाटल्या घट्ट धरून. मी रहाट ओढला. पहिली कळशी तिच्या डोक्यावर ओतली. तिने पाणी तोंडावरून निपटलं आणि म्हणाली, "आता तू. भाऊ हायस ना?" मी टोपी काढून बाजूला ठेवली, दुसरी कळशी ओढली आणि सदऱ्यासकट स्वतःवर ओतून घेतली.